मानमोडी

माझं आणि माझ्या सासूबाईंचं पटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला आदर्श सूनबाई ठरवायला नको. त्या मला नावाने हाक मारत नाहीत, 'तक्रार' म्हणतात. 'ए तक्रार, चहा टाकू का?' मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसते म्हणून हे नाव पडलं, असं त्या लोकांना सांगतात. खरं कारण त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

त्या मोटार शिकवायच्या. या शहरातल्या कितीतरी बायका त्यांचा ओरडा खात क्लच सोडायला शिकल्या. त्यांत मीही होते, आणि आमचं जे काही बिनसलं ते त्या गाडीतच. 'आरसा लबाड असतो, मान वळव!' मी मान वळवली की लगेच, 'आता पुढे कोण बघणार, तुझा सासरा?' सासरे तेव्हा मागच्या सीटवर असायचे, जीव मुठीत धरून. ते गेल्यापासून सासूबाई तळमजल्यावरच्या आपल्या छोट्या घरात एकट्या राहतात. आमचं घर तिथून चालत जाण्यासारखं आहे, पण 'रोज यायची काही गरज नाही' असं त्यांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं. मीही आनंदाने ऐकलं.

तर त्या दिवशी माझ्या खिडकीसमोर रांग होती. एक गृहस्थ बाटलीत भरून आणलेलं गढूळ पाणी माझ्या नाकाशी नाचवत होते. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"तक्रार, आधी ऐक, मग बोल. मागच्या अंगणात एक पक्षी आला होता. म्हणजे आधी मला वाटलं, झाडाची साल पडलीय. मग साल चालायला लागली. टाकी आणि भिंतीच्या मधे मुंग्यांची रांग असते ना, तिथे बसून मुंग्या खात होता. जीभ केवढी लांब! तेवढ्यात शेजारचं ते लठ्ठ मांजर आलं. हा उडणार कुठे, कोपऱ्यात सापडला होता. तर त्याने मान लांब केली. अगं, नुसती लांब नाही, सापासारखी वळवळवली, डोकं पार पाठीवर नेलं आणि फुस्स केलं! मांजर शेपूट घालून पळालं. फोटो पाठवलाय. कोण आहे ते शोधून सांग."

"आई, माझ्यासमोर रांग आहे."

"रांग रोज असते. पक्षी रोज येत नाही," म्हणाल्या आणि फोन बंद केला.

मी फोटो उघडला. अर्ध्या फोटोत सासूबाईंचा अंगठा होता. उरलेल्या अर्ध्यात खिडकीची जाळी अगदी ठसठशीत आली होती, आणि जाळीच्या पलीकडे भिंत, टाकी आणि एक तपकिरी डाग. डागाला एका बाजूने टोक होतं. चोच म्हणावी तर चोच, नाहीतर काडी. मी फोन बाटलीवाल्या गृहस्थांसमोर धरला आणि हे काय वाटतं म्हणून विचारलं.

"गंज," ते म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या घरात सगळ्या नळांतून तोच येत होता.

संध्याकाळी नवऱ्याला फोटो दाखवला. वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्याने फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, आई नक्की काय म्हणाली ते मला दोनदा विचारलं, आणि फोन घेऊन बाल्कनीत गेला. आमच्या बाल्कनीचं दार नीट लागत नाही.

"आता तिला सापाच्या मानेचा पक्षी दिसायला लागलाय," तो त्याच्या बहिणीला सांगत होता. त्यानंतर बराच वेळ नुसतं 'हं, हं' चाललं होतं.

माझी नणंद दुसऱ्या शहरात असते. नवऱ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. ताईंना आईची काळजी आहे, आणि ती खोटी नाही, हे मी त्यांच्या तोंडावर भांडतानासुद्धा कबूल करेन. सासूबाईंनी एकदा गॅसवर दूध ठेवलं आणि शेजारणीशी बोलत राहिल्या, पातेलं कोळसा झालं. एकदा दुपारी झोपेतून उठून त्यांनी 'हे आले का?' असं विचारलं, आणि 'हे' जाऊन कितीतरी वर्षं झालीत. एकदा आपल्याच गल्लीचं नाव त्यांना आठवेना. या सगळ्याची ताईंनी मोळी बांधून ठेवली होती, आणि आता त्या मोळीवर हा पक्षी येऊन बसला. गावाबाहेर ज्येष्ठांसाठी एक निवास आहे. बाग, नर्स, पलंगाशेजारी घंटा. तिथली एक खोली ताईंनी धरून ठेवली होती. रविवारी सगळ्यांनी सासूबाईंकडे जमायचं आणि त्यांना सांगायचं, असं ठरत होतं. विचारायचं नाही, सांगायचं. हा शब्द मी बाल्कनीच्या दारातून स्वतःच्या कानांनी ऐकला.

"विसरणं वेगळं आणि भास होणं वेगळं," नवरा आत येऊन म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले होते? भास सुरू झाले तर एकटं ठेवू नका."

"आणि पक्षी खरा असला तर?"

"साप होणारा पक्षी?"

"साप झाला असं कोण म्हणालं? सापासारखी मान केली म्हणाल्या. तुम्ही बहीण-भाऊ नीट ऐकतच नाही."

"तुला कधीपासून आईचा एवढा पुळका आला गं?"

प्रश्न रास्त होता. पुळका नव्हताच. पण मी वर्षानुवर्षं त्या खिडकीवर बसलेय, आणि खरी तक्रार कुठली हे मला वासावरून कळतं. खोटी तक्रार गुळगुळीत असते. खऱ्याला नको ते सगळं चिकटलेलं असतं: मी दात घासत होते, भाऊजी आले होते, बादली निळी होती. टाकी आणि भिंतीच्या मधली मुंग्यांची रांग, लठ्ठ मांजर, आधी पडलेली साल. सासूबाईंनी ते पाहिलं होतं. बस.

आणि खरं सांगू का, मला राग आला होता. डोकं फिरलेल्या बाईशी कुणी भांडत नाही. तिला हो हो म्हणतात, उशी नीट करतात आणि दाराबाहेर जाऊन हळू आवाजात बोलतात. मी जिच्याशी आयुष्यभर हमरीतुमरीवर आले, त्या बाईला कुणी हो हो म्हणावं हे मला सहन होईना. "रविवारपर्यंत थांबा," मी नवऱ्याला म्हटलं. "पक्ष्याचं नाव आणून तुमच्या तोंडावर मारते."

आमच्या ऑफिसात शेजारच्या खिडकीवर पावत्या देणारे गृहस्थ आहेत. त्यांना सुट्टीच्या दिवशी दुर्बीण गळ्यात अडकवून चिखलात उभं राहायचा छंद आहे. फोटो बघून त्यांनी 'अरे देवा' एवढंच म्हटलं, पण मला त्यांच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर घेतलं. मी फोटो टाकला. मंडळी तुटून पडली.

'चिमणी.'

'चिमणीची मादी.'

'वाळकं पान.'

'सातभाई असावा. बाकीचे सहा अंगठ्यामागे असतील.'

'अंगठा छान आलाय.'

मग ग्रुपचे अॅडमिन आले. हे निवृत्त प्राध्यापक, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या हाताशी दटावायला एवढा ग्रुपच उरलेला. 'सदर फोटो ओळखण्याजोगा नाही. ग्रुपच्या नियमानुसार ओळख फक्त फोटोवरून केली जाते. ऐकीव वर्णनं टाकू नयेत,' त्यांनी लिहिलं.

ऐकीव! मी लगेच सासूबाईंचं सगळं बोलणं, साल, मुंग्या, जीभ, कोपरा, मांजर, मान, फुस्स, जसंच्या तसं टाइप करून टाकलं. शेवटी लिहिलं, 'हे बघणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांच्या शुद्धीवर कुणाला शंका असेल तर त्याने मला सांगावं.' मग 'दातांची डॉक्टर' अशा नावाने कुणीतरी एकच शब्द लिहिला.

'मानमोडी'

पुढे ना पूर्णविराम, ना काही.

आता माझी बाजू समजून घ्या. माझी आजी भांडायला उभी राहिली की समोरच्या बाईला म्हणायची, 'तुला मानमोडी येवो!' मानमोडी म्हणजे जुन्या काळची तापाची साथ. घरंच्या घरं रिकामी करून गेली म्हणतात. साथ गेली, शिवी तेवढी मागे राहिली. त्या शिवीने आमच्या घरात एकदा लग्न मोडलंय. आणि इथे मी म्हाताऱ्या बाईबद्दल पोटतिडकीने लिहिते, तर कुणीतरी तोंड वर करून 'मानमोडी' म्हणतं! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

'येवो तुम्हालाच,' मी लिहिलं. 'माझ्या सासूबाईंना बोल लावायला मी खंबीर आहे, बाहेरच्यांची मदत नको. दातांची डॉक्टर आहात तर आधी स्वतःच्या जिभेचा इलाज करा.' आणखीही लिहिलं, पण ते इथे सांगण्यासारखं नाही. अॅडमिननी मला ग्रुपमधून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पावतीवाले गृहस्थ खिडकीवर डोकं टेकवून हसत होते. त्यांच्या समोरच्या माणसाला वाटलं, रडताहेत. तो पावती न घेताच जायला निघाला.

"अहो बाई," शेवटी ते डोळे पुसत म्हणाले, "ते पक्ष्याचं नाव आहे!"

कुठल्याही माणसाला त्या वेळी जे वाटेल ते मला वाटलं. पण माझा स्वभाव असा की लाज वाटली की मी आणखी जोरात चालायला लागते. पावतीवाल्यांकडून पत्ता घेतला आणि ऑफिस सुटल्यावर तडक त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. बाहेरच्या मुलीने सांगितलं, नंबर लावल्याशिवाय भेट नाही. नंबर पेशंटचाच लागतो. म्हटलं, लाव बाई पेशंट म्हणून.

आत गेले तर डॉक्टरीणबाई तोंडाला मास्क बांधून तयार. "बसा. आ करा."

"मी दातांसाठी नाही आले. काल ग्रुपवर ती मानमोडी..."

"हो का? त्या तुम्ही!" मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झाले. "खुर्चीवर बसलात ना? मग आ करा."

त्यांनी आरसा तोंडात घातला. आ केलेल्या तोंडाने माफी मागता येत नाही. मी 'आ आ ऊ आ' असं काहीतरी केलं.

"कळलं," त्या म्हणाल्या. "आम्हाला ही भाषा येते. माझीही चूक झाली. नुसतं नाव टाकलं, पुढे एक ओळ लिहायला हवी होती. पेशंट खुर्चीत होता."

मग मी तोंड उघडं ठेवून पडलेली आणि त्या माझे दात टोकरत बोलताहेत, असं आमचं संभाषण झालं. मानमोडी हा सुतारपक्ष्याचा चुलतभाऊ, पण लाकूड टोचायचं काम त्याला जमत नाही. जमिनीवर बसून लांब चिकट जिभेने मुंग्या खातो. रंग हुबेहूब झाडाच्या सालीचा, म्हणून शेजारी बसला तरी दिसत नाही. थंडीत दुरून येतो आणि गाजावाजा न करता परत जातो. अंगात जोर म्हणाल तर नाही, चिमणीपेक्षा जरा मोठा, एवढाच जीव. पण कोंडीत सापडला, कुणी हातात पकडला, की मान पिळवटतो, डोकं मागे नेतो, फुसकारतो. सापाचं सोंग करतो. समोरचा घाबरला तर जीव वाचला.

"कोपऱ्यात होता असं तुम्ही लिहिलं होतं ना? तिथेच मला लक्षात आलं. उघड्यावर असता तर उडून गेला असता, एवढं नाटक केलं नसतं."

आरसा तोंडातून निघाल्याबरोबर मी फोन पुढे केला. "मग हा तोच आहे ना? नक्की?"

त्यांनी हातमोजे काढले आणि फोटो खिडकीकडे धरून निरखला. "मी दिवसभर असलेच फोटो बघते," त्या म्हणाल्या. "करडे, पुसट. पण आधी फोटो बघत नाही. आधी विचारते, कुठे दुखतंय? ते कळलं की मग फोटोत कीड दिसते. हे बघा." त्यांनी डागावर नख ठेवलं. डोक्यापासून पाठीवर उतरणारी एक गडद रेघ होती. मी ती जाळीची तार समजत होते. कळल्यावर मात्र ती रेघ सोडून दुसरं काही दिसेना. "हा त्याच्या पाठीवरचा पट्टा. शेपटीवरच्या या आडव्या रेघा त्याच्या असतील किंवा तुमच्या जाळीच्या असतील. शपथेवर विचाराल तर या फोटोवरून मीच काय, कुणीच सांगणार नाही."

"पण मग तुम्ही ओळखलात कसा?"

"तुमच्या सासूबाईंच्या बोलण्यावरून. ज्या बाईला हा पक्षी माहीतच नाही, तिला तो असा नेमका सुचेल कसा? फोटो 'नाही' म्हणत नाही, एवढंच." त्यांनी मला या पक्ष्याचा एक व्हिडिओ पाठवला आणि वर म्हणाल्या, "डावीकडची मागची दाढ किडलीय. त्यासाठी या पुन्हा."

मी रस्त्याने जवळजवळ नाचत घरी आले. हुकमाचं पान हातात आलं होतं. ते रविवारीच टाकायचं, सगळ्यांच्या देखत टाकायचं, असं मी ठरवलं. नवऱ्याला काही बोलले नाही. सासूबाईंनाही नाही. त्यांनी दोनदा फोन करून 'सापडलं का नाव?' विचारलं, मी म्हटलं, 'शोधतेय.' त्यांच्या घरात रविवारी काय ठरायचं होतं ते त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या सगळ्यांत मीही होते, हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

रविवारी ताई सकाळीच आल्या. जेवणं झाली, ताटं उचलली गेली, आणि ताईंनी फोनवर खोलीचे फोटो उघडले. ते फोटो मात्र सुरेख होते. पांढरी चादर, खिडकीतून दिसणारी बाग, घंटेचं लाल बटण.

"आई, चिडू नकोस," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तिकडे झोप लागत नाही गं. तू पडलीस आणि कुणाला कळलंच नाही तर?"

"तू तिकडे जागी राहिलीस म्हणून मी इकडे पडायची थांबणार आहे का?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नव्हता. त्या चादरीच्या फोटोकडे बघत होत्या. "हे केव्हा ठरलं?"

शेवटी नवरा म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं होतं आई. भास व्हायला लागले की..."

"भास? कसले भास?"

"तो पक्षी."

सासूबाईंनी एकेक करून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मी लग्नानंतर आजवर त्यांचे सगळे चेहरे पाहिलेत, बहुतेक माझ्यावर रोखलेले. हा पाहिला नव्हता. चारचौघांत पदर जळाल्याचं उशिरा कळलेल्या बाईचा असावा तसा तो चेहरा होता.

मला राहवलं नाही. मी माझा फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि व्हिडिओ लावला. झाडाच्या सालीच्या रंगाचा तो एवढासा पक्षी कुणाच्या तरी मुठीत होता. त्याने मान लांब केली, वळवळवली, डोकं पार पाठीवर नेलं आणि डोळे मिटत उघडत फुसकारला. ताईंनी तोंडावर हात ठेवला. नवऱ्याने व्हिडिओ पुन्हा लावला.

"मानमोडी!" मी म्हटलं. "हे त्याचं नाव. जाणकार बाईंनी सांगितलंय. आणि फोटोवरून नाही, आईंच्या वर्णनावरून ओळखला त्यांनी. आता बोला! कुणाला भास झाला?"

सासूबाईंनी फोन जवळ ओढला. "हाच," त्या म्हणाल्या. "माझा जरा बारीक होता."

"सॉरी, आई," नवरा खाली बघत म्हणाला.

"मग आता हे राहू दे," ताई नाक पुसत म्हणाल्या. "म्हणजे, निदान भासाचा प्रश्न तरी मिटला. पुढे कधी काही वाटलं तर तेव्हा बघू."

"पुढे काय वाटायचंय?" मी रंगात आले होते. "डोकं शाबूत आहे हे सिद्ध झालं ना? झालं तर मग!"

"हो, सिद्ध झालं," सासूबाई म्हणाल्या. आणि खुर्ची सरकवून माझ्याकडे वळल्या. "तक्रार, हा पक्षी सापडला नसता तर?"

"सापडला ना पण."

"नसता सापडला तर? त्या दातवालीने तुझं लिहिलेलं वाचलं नसतं तर? फोटोत नुसता माझा अंगठाच आला असता तर? मग आज तू काय म्हणाली असतीस?"

मला सगळ्यांना द्यायला उत्तरं असतात, तेवढ्यासाठी तर मला पगार मिळतो. पण मी नुसता व्हिडिओ बंद केला. कारण खरं उत्तर मला माहीत होतं. पक्षी सापडला नसता तर मी आज मान खाली घालून ताटं उचलली असती, ताईंच्या फोनवरची ती चादर बघितली असती आणि म्हटलं असतं, छान आहे हो खोली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू माझ्या बाजूने होतीस. तरी तुलासुद्धा पुरावा लागला."

मग त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. "आता तिघंही ऐका. मी विसरते. दूध जळलं ते खरं आहे. आणि हे गेलेत हे मी झोपेत विसरते, मग उठल्यावर मला आठवतं. तेव्हा काय होतं ते तुम्हाला कळायचं नाही, आणि न कळो. उद्या मला खरोखर नसलेला पक्षी दिसेल. हत्तीसुद्धा दिसेल. दिसला की तुम्हाला फोन करून सांगेन, कारण मला कुणाला तरी सांगावंसं वाटेल. तेव्हा यायचं तर या, नाहीतर नका येऊ. पण मी कुठे राहायचं ते तो हत्ती ठरवणार नाही. आणि हा एवढासा पक्षी तर नाहीच नाही. मी राहते इथे. मला राहायचंय म्हणून राहते."

"आई," ताई हळूच म्हणाल्या, "त्यांना आज काहीतरी कळवायला लागेल. खोली अडवून ठेवलीय त्यांनी आपल्यासाठी."

"लाव फोन."

"मी बोलते ना नंतर."

"लाव म्हटलं ना."

ताईंनी नंबर लावला. सासूबाईंना फोन कानाशी धरून ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी तो मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला. पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला.

"नमस्कार. तुमच्याकडे एक खोली धरून ठेवलीय," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीतून बाग दिसते ती. ती सोडून द्यायची आहे."

"हो का? अहो, पण ती आजींसाठी होती ना? अशी खोली परत मिळायची नाही बरं का. कशा आहेत आता आजी?"

"कधी बऱ्या असतात, कधी नसतात. विसरतात जरा."

"मग तर त्यांना इथेच बरं पडेल. आमच्याकडे रात्रंदिवस माणसं असतात."

"त्यांना यायचं नाही."

"सुरुवातीला सगळेच तसं म्हणतात हो," बाई हसून म्हणाली. "या वयात त्यांना काय कळतंय? त्यांचं किती मनावर घ्यायचं? असले निर्णय घरच्यांनीच घ्यायचे असतात. तुम्ही कोण आजींच्या?"

"मीच ती," सासूबाई म्हणाल्या.

मग बाई घाईघाईने म्हणाली, "जरा होल्ड करा हं."

सासूबाईंनी फोन बंद केला.